आडांत किती, पोहऱ्यांत किती

आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, ही म्हण आपल्याकडील मुलांना लहानपणापासून पाठ असते. पस्तीस वर्षांच्या शिक्षकीपेशांत आम्हीं ती शेंकडों विद्यार्थ्यांकडून अर्थासह वहींत लिहवून घेतली. परंतु ह्या म्हणीची दुसरी बाजू आमच्या ध्यानांत फार उशिरां आली. पोहरा भरून येत आहे, एवढ्यावरून आडांत पुष्कळ आहे असें मात्र ठरत नाहीं. पोहरा शेवटच्या दिवसापर्यंत भरून येत राहतो आणि एके सकाळीं तळाच्या खडकावर आदळतो. हा धडा आम्हांस दोन ठिकाणीं मिळाला. एक घरच्या आडाशीं, आणि दुसरा, वाचकांस नवल वाटेल, खोल समुद्रांतील मासे मोजणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या तोंडून.

आमच्या जालना जिल्ह्याचा आणि समुद्राचा संबंध तो काय? दक्षिणेच्या शिवेवरून गोदावरी वाहते, शहरांतून कुंडलिका जाते, घाणेवाडीच्या तलावानें शहराची तहान कित्येक वर्षें भागविली. एवढीच आमची जलसंपत्ति, आणि तिचीही आठवण बहुधा ती आटल्यावर व्हावयाची. त्यांतून आमचें घर शाकाहारी. मासा हा शब्द आमच्याकडे मत्स्यावताराच्या कथेंत नाहीं तर मत्स्यन्यायाच्या व्याख्येंतच निघे. म्हणून दिवाळींत एक जुना विद्यार्थी नमस्कारास आला आणि आपण मत्स्यसर्वेक्षणाच्या जहाजावर काम करितों असें सांगूं लागला, तेव्हां माजघरांतील सर्व मंडळी कुतूहलानें ओसरीवर येऊन बसली.

आमच्या वहिनींचें वय आतां ऐंशीच्या पुढें आहे. त्यांनीं विचारलें, "अरे, मासे मोजतोस म्हणजे काय करतोस? समुद्र म्हणजे काय परात आहे, कीं तांदुळांतले खडे निवडावेत तसे निवडून मोजावेत?"

तो हंसून म्हणाला, "आजी, समुद्र कोणालाच मोजतां येत नाहीं. आम्ही फक्त एक दोर मोजतों."

ह्या एका वाक्यांत सर्व शास्त्र आलें आहे. तें उलगडून सांगण्यासाठींच हा लेख.

प्रथम संस्थेची ओळख करून घेऊं. १९४६ सालीं मुंबईस खोल समुद्रांतील मासेमारीचें एक सरकारी केंद्र निघालें. १९७४ मध्यें त्याचें शोधप्रकल्पांत रूपांतर झालें आणि १९८३ मध्यें त्यास 'भारतीय मत्स्य सर्वेक्षण' हें नांव व राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. तिची मुख्य कचेरी मुंबईंतच असून पोरबंदरापासून मुरगांव, कोची, चेन्नई, विशाखापट्टण ह्या क्रमानें थेट अंदमानांतील पोर्ट ब्लेअरपर्यंत तिचे तळ आहेत. १९७६ च्या कायद्यानें किनाऱ्यापासून दोनशें सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यांतील संपत्तीवर आपल्या देशाचा हक्क प्रस्थापित झाला. हें क्षेत्र वीस लक्ष चौरस किलोमीटरांहून अधिक भरतें, म्हणजे महाराष्ट्राच्या सहापटींहून मोठें. एवढी मोठी इस्टेट हातीं आली, पण तींत काय आहे, किती आहे आणि किती काढिलें असतां मूळ धक्क्यास लागणार नाहीं, हें पाहणार कोण? तें काम ह्या संस्थेकडे आहे. तिच्या कांहीं जहाजांचीं नांवें मत्स्य सुगंधी, मत्स्य वृष्टि, मत्स्य दृष्टि अशीं आहेत. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास हीं नांवें ऐकून किती समाधान वाटलें, हें सांगावयास नको. त्यांतील 'मत्स्य दृष्टि' हें नांव तर फारच यथार्थ. कारण जे मासे डोळ्यांस दिसत नाहींत, ते पाहण्याचेंच हें काम.

कुप्यासारखे मोठे मासे किनाऱ्यापासून दूर, जेथें समुद्र हजारों हात खोल आहे अशा पाण्यांत फिरतात. त्यांच्यासाठीं जी रीत वापरतात तिला लाँगलाइन म्हणतात. लाँगलाइन म्हणजे कित्येक किलोमीटर लांबीचा एक मुख्य दोर. पहाटे सूर्योदयापूर्वीं जहाज संथपणें पुढें जात असतां हा दोर मागून पाण्यांत सोडीत जातात. ठराविक अंतरावर बोये बांधलेले असतात, त्यांच्या आधारानें तो तरंगतो. दोन बोयांच्या मध्यें पांच, सहा किंवा सात उपदोर लोंबतात आणि प्रत्येकाच्या टोंकास बांगडा, तारली किंवा माकूल ह्यांचें आमिष लावलेला एकेक गळ असतो. कपडे वाळत घालण्याची दोरी जशी दोन खुंट्यांच्या मध्यें झोळ खाते, तसाच हा दोर दोन बोयांच्या मध्यें झोळ खातो. म्हणून मधले गळ अधिक खोल आणि कडेचे गळ उथळ राहतात. कोणत्या क्रमांकाच्या गळास कोणता मासा लागला हें टिपून ठेविलें, कीं तो मासा किती खोलीवर वावरतो ह्याचाही अंदाज होतो. असे शेंकडों गळ एका दिवसांत टाकितात, कांहीं तास पाण्यांत ठेवितात आणि दुपारनंतर दोर ओढूं लागतात.

वर येतें काय? पिवळ्या पराचा कुपा, मोठ्या डोळ्यांचा कुपा, तलवार मासा, पाठीवर शिडासारखा पर मिरविणारा मासा, आणि निरनिराळ्या जातींच्या मुशी. प्रत्येकाची लांबी मोजतात, वजन घेतात, नर कीं मादी, अंडीं तयार आहेत कीं नाहींत, पोटांत काय खाल्लेलें आहे, हें सर्व नोंदवितात. मग दिवसाच्या शेवटीं एक साधें त्रैराशिक मांडावयाचें. समजा, सहाशें गळ टाकिले आणि नऊ मासे लागले. तर शंभर गळांमागें दीड मासा. ह्या आंकड्यास गळाचा दर म्हणतात. चौथीच्या मुलास करतां येईल असें हें गणित. परंतु सर्व शास्त्र त्यावर उभें आहे.

येथें वहिनींनीं एक प्रश्न केला, आणि तो आमच्या घरास साजेसाच होता. "म्हणजे मोजण्यासाठीं मारतां होय रे?" विद्यार्थ्यानें तो टाळला नाहीं. तो म्हणाला, "होय आजी, कांहीं मरतात. जगांत कांहीं ठिकाणीं मोजलेल्या माशांतील निवडक माशांना खुणेची चिठ्ठी टोंचून परत सोडतात. पण पुष्कळ मरतात हें खरें. मात्र एक दिवसही न मोजतां वर्षभर जितके मारले जातात, त्यांच्यापुढें हे मूठभर आहेत; आणि न मोजल्यास किती मारावेत ह्याला मर्यादाच राहत नाहीं." ह्या उत्तरानें वहिनींचें पूर्ण समाधान झालें असें नाहीं, आणि आमचेंही झालें नाहीं. तरी पण डोळे झांकून घेतल्यानें हिंसा कमी होत नाहीं, हें आम्हांस मान्य करावें लागलें.

आतां कोणी विचारील कीं, एवढा खटाटोप कशाला? बंदरावर रोज होड्या येतात, त्यांच्या टोपल्या मोजाव्यात म्हणजे झालें. त्याही मोजतात, १९४७ सालीं स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचा अंदाज बांधते, आणि तें कामही तितकेंच आवश्यक आहे. परंतु घरांतील जमाखर्च ज्यानें लिहिला आहे त्यास ह्यांतील भेद लगेच कळेल. किती खर्च झाला हें एक. पेटींत शिल्लक किती हें दुसरें. भरपूर खर्च करणारें घर श्रीमंत असतेंच असें नाहीं. कित्येकदां तें मूळ पुंजीच खात असतें.

शिवाय कोळी हा कांहीं अजाण नसतो. मासे जेथें आहेत तेथेंच तो जातो. मासे कमी झाले कीं उरलेले जेथें एकत्र जमतात ती जागा तो हुडकून काढतो; अधिक चांगलें जाळें, अधिक वेगवान होडी, अधिक चांगलीं यंत्रें घेतो. त्यामुळें साठा निम्म्यावर आला तरी त्याचा पोहरा भरलेलाच दिसतो. सर्वेक्षणाचें जहाज मात्र मुद्दाम उलट वागतें. मासे असोत वा नसोत, ठरलेल्या ठिकाणीं जावयाचें; तसाच दोर, त्याच मापाचे गळ, तेंच आमिष, तितकाच वेळ. लोभ नाहीं आणि चातुर्यही नाहीं. त्याच्या ह्या हट्टांतच त्याची किंमत आहे.

हा भेद न ओळखल्यामुळें काय होतें, ह्याचें उदाहरण कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर घडलें. तेथील कॉड मासळीवर कित्येक शतकें लोक जगले. १९८० नंतरच्या दशकांत व्यापारी जहाजांची मासळी चांगली येत होती. त्या आंकड्यांवर भिस्त ठेवून साठा आहे त्याहून पुष्कळ मोठा समजला गेला. संशोधनाच्या जहाजांची साक्ष तितकी आशादायक नव्हती. अखेर जुलै १९९२ मध्यें सरकारला मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारें तीस हजार लोकांचा रोजगार एकाएकीं बुडाला. ती बंदी कांहीं थोड्या वर्षांसाठीं म्हणून घातली होती; ती उठावयास २०२४ साल उजाडावें लागलें. पोहरा शेवटपर्यंत भरून येत होता. आडाचा ठाव मात्र वेळेवर कोणीं मानला नाहीं.

खोल पाण्यांतील माशांच्या बाबतींत ही चूक अधिकच महाग पडते. कारण तेथें थंडी व अंधार असल्यामुळें बऱ्याच जातींची वाढ फार मंद असते. न्यूझीलंडकडील ऑरेंज रफी नांवाचा मासा शंभर वर्षांहून अधिक जगतो आणि प्रजननक्षम व्हावयासच त्यास कित्येक दशकें लागतात. त्याचे थवे एकदां उपसले म्हणजे नातवंडांच्या काळांतही ते पूर्ववत् होतील कीं नाहीं, हें सांगणें कठीण. आपण आंबा लावतों तो पुढच्या पिढीसाठीं. ह्या माशांचें तर त्याहून दीर्घ गणित आहे.

म्हणूनच ज्या देशांना ही जाणीव आहे त्यांनीं दोराची ही शिस्त पिढ्यानपिढ्या पाळली आहे. अमेरिका व कॅनडा ह्यांनीं हॅलिबट ह्या तळाशीं राहणाऱ्या चपट्या माशासाठीं १९२३ मध्यें एक संयुक्त आयोग नेमला. त्याच्या सर्वेक्षणाचीं ठिकाणें बुद्धिबळाच्या पटासारखीं आंखलेलीं असून दोन शेजारच्या ठिकाणांत दहा सागरी मैलांचें अंतर असतें. आमिष म्हणून ठराविक जातीचाच सामन मासा लावावयाचा. कारण आमिष बदललें तर दर बदलेल, आणि मग बदल माशांत झाला कीं आमिषामुळें झाला, हें कोण सांगणार? अलास्काच्या समुद्रांत सेबलफिश नांवाच्या माशासाठीं जपान व अमेरिका ह्यांनीं मिळून १९७८ मध्यें लाँगलाइन सर्वेक्षण सुरू केलें. पुढें १९८७ पासून अमेरिकेनें स्वतःचें चालविलें. तेथें दोर पाण्याखालीं सुमारें हजार मीटरांपर्यंत टाकितात. हा मासा नव्वद वर्षांपर्यंत जगल्याची नोंद आहे. झाडाच्या खोडांतील वलयें मोजावींत तशीं त्याच्या कानांतील इवल्याशा हाडावरील वलयें मोजून वय ठरवितात. ह्या सर्वेक्षणांत एक मौज घडते. दोर वर येऊं लागला कीं देवमासे जहाजाभोंवतीं जमतात आणि गळावरील मासे अलगद काढून खातात! संशोधक त्यांच्यावर रागावत बसत नाहींत. कोणत्या दिवशीं, कोणत्या ठिकाणीं देवमासा आला होता हें लिहून ठेवतात आणि हिशेबांत तितकी सूट देतात. चोरीचीही नोंद ज्या चोपडींत आहे, ती चोपडी खरी.

ह्या मोजणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गळ गुंतले, आमिष लहान माशांनीं कुरतडलें, ऋतु बदलला, पाण्याचा प्रवाह किंवा उष्णता बदलली, तर दर बदलतो. समुद्रांत मासे तितकेच असूनही. म्हणून एका दिवसाच्या, किंबहुना एका वर्षाच्या आंकड्यास फारशी किंमत नाहीं. पंधरा वीस वर्षांचे आंकडे एकाखालीं एक मांडले म्हणजेच त्यांतून अर्थ बोलूं लागतो. आपल्याच हिंदी महासागरांतील पिवळ्या पराच्या कुप्याचें पाहा. ह्या महासागरांतील कुप्याची देखरेख करणारा एक आंतरराष्ट्रीय आयोग सेशेल्स बेटांवर आहे. भारत त्याचा सभासद आहे. २०१५ सालीं ह्या आयोगाच्या शास्त्रज्ञांनीं हा साठा प्रमाणाबाहेर उपसला गेला आहे, असा निर्णय दिला आणि पुढील वर्षीं पकडीवर मर्यादा घालण्याचा ठराव झाला. २०२४ च्या फेरपरीक्षणांत चित्र बरेंच आशादायक आढळलें. ह्या दोन्ही निर्णयांमागें जे पुरावे होते, त्यांत लाँगलाइनच्या गळांवरून काढलेला दर हा एक प्रमुख पुरावा होता. अनेक राष्ट्रांचा व्यापार आणि असंख्य कोळी कुटुंबांचा घांस, अशा एका साध्या त्रैराशिकावर तोलला जातो. म्हणून तें प्रामाणिकपणें व अखंड मांडणें अगत्याचें आहे.

येथवर ऐकल्यावर आम्हांस आमच्या घरचा आड आठवला, आणि तो प्रसंग सांगितल्यावांचून हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या वडिलांनीं एक क्रम धरला. हातभर अंतरावर गांठी मारलेला एक दोर त्यांनीं करविला, टोंकास पितळी वजन बांधिलें, आणि दर पौर्णिमेस सकाळीं पाणी शेंदण्यापूर्वीं तो आडांत सोडून पाणी किती गांठी खालीं आहे तें पंचांगाच्या शेवटच्या पानावर लिहूं लागले. आम्हांस त्या वेळीं तो वृद्ध माणसाचा चाळा वाटे. १९८९ सालीं ते वारले. आम्हीं कांहीं महिने मोजलें, पुढें शाळेच्या परीक्षा आल्या, नंतर विसर पडला. दोर कपडे वाळत घालावयास उपयोगी पडला. आडांत पाणी होतेंच, मोजावयाचें कशाला?

२०१२-१३ च्या दुष्काळांत सगळा जिल्हा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसला असतां आमचा आड प्रथमच कोरडा पडला. घरांत वाद सुरू झाला. धाकटे बंधु म्हणाले, ही पावसाची अवकृपा. पुतणे म्हणाले, आसपास विंधनविहिरी झाल्या त्याचा हा परिणाम. पाणी एकाएकीं गेलें कीं वीस वर्षें हळूहळू उतरत होतें, हें सांगण्यास कोणाजवळ कांहींच पुरावा नव्हता. कारण पंचांगांची मागील पानें कोरीं होतीं. भूजल सर्वेक्षणाची सरकारी यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजते. पण ती गांवाची नाडी, आमच्या आडाची नव्हे. निर्णय करतां न आल्यामुळें शेवटीं घरांत जो मोठ्यानें बोलला त्याचें खरें ठरलें आणि आम्हींही विंधनविहीर घेतली. ती बरोबर होती कीं चूक, हें आजही आम्हांस ठाऊक नाहीं. आणि ठाऊक नसण्याचा दोष सर्वस्वी आमचा आहे.

संस्कृतांत 'दीर्घसूत्र' म्हणजे चेंगट, आजचें काम उद्यांवर ढकलणारा. पंचतंत्रांतील तीन माशांची कथा वाचकांस ठाऊक आहेच: संकट येण्यापूर्वींच निघून जाणारा अनागतविधाता, ऐन वेळीं युक्ति सुचणारा प्रत्युत्पन्नमति, आणि होईल तें होईल म्हणून बसून राहणारा यद्भविष्य. महाभारताच्या शांतिपर्वांत हीच कथा आली असून तेथें तिसऱ्या, नाश पावणाऱ्या माशाचें नांवच दीर्घसूत्र असें आहे. विद्यार्थ्यास आम्ही थट्टेनें म्हणालों, "तुमचा दोर किलोमीटरनें लांब, म्हणजे तूं खरा दीर्घसूत्री!" तो म्हणाला, "गुरुजी, आमचा दोर दीर्घसूत्र माशासाठीं नाहीं, अनागतविधात्यासाठीं आहे." शिष्यानें गुरूस निरुत्तर करावें ह्यापरतें सुख शिक्षकास दुसरें नाहीं.

तो गेल्यावर आम्हीं माळ्यावरील जुनीं पंचांगें उतरविलीं. सतरा वर्षांच्या पौर्णिमा वडिलांच्या अक्षरांत ओळीनें उभ्या होत्या. नवा दोर आणला. गांठी जुन्याच मापानें, म्हणजे वडिलांच्या हाताच्या मापानें मारल्या, नाहीं तर जुना आंकडा आणि नवा आंकडा एकमेकांस ओळखणार नाहींत. मागील दोन चार पावसाळे बरे झाल्यामुळें आडांत पुन्हां पाणी आहे. कार्तिकी पौर्णिमेस सकाळीं आमच्या नातीनें दोर सोडला, गांठी मोजल्या आणि आंकडा लिहिला. मधल्या वर्षांची जागा तिनें कोरी सोडली आहे. ती आतां कोणासही भरतां येणार नाहीं. पुढची मात्र भरतां येईल.